देवघरातली किल्ली

"गाडी पाण्यात गेल्यानंतर कोणी सेल्फ मारून पाहिला होता का?"

विमा कंपनीचे सर्व्हेअर श्री. कुलथे यांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा माझी आई चहाचे कप घेऊन उंबरठ्यात उभी होती. प्रश्न अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना होता. उत्तर मात्र आईने दिले.

"मारला की. नवमीची पूजा केल्यावर नको का मारायला?"

कुलथे यांची लेखणी कागदावर टेकली होती, ती तेथेच थांबली. ते वयाने तरुण होते आणि आमच्या दारातील चिखलातून येताना त्यांनी बूट बाहेर काढून ठेवले होते, यावरून सज्जनही वाटले.

"कोणी मारला, आई?"

आई कप खाली ठेवून सांगणार, इतक्यात अण्णा म्हणाले, "मी. त्या दिवशी पहाटे. हिनं पूजा केली ती दुपारी. तोवर गाडी गेलेली होती."

"तुम्ही एस्टीत होता ना, सुरवसे?"

"होतो."

"ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर."

कुलथे यांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली घेतला. "जरा आठवून सांगा. घाई नाही मला. कुणी हात लावला नसेल आणि आईंचा काही गैरसमज होत असेल, तर मी तसं लिहितो. पाणी आत गेल्यावर सेल्फ मारला असं एकदा लिहिलं, की पुढचं माझ्या हातात राहत नाही."

"गैरसमज कसला?" आई म्हणाली. "दरसालचंच आहे की ते."

"अण्णा," मी म्हणालो.

"तू गप, महादेव." अण्णांनी चहाचा कप उचलून कुलथे यांच्यापुढे धरला. "लिहा साहेब. मीच मारला. चहा घ्या, निवतोय."

कुलथे यांनी लिहिले. चहा उभ्यानेच घेतला आणि ते गेले.

आमचे गाव वैराग. माझे वडील अंबादास सुरवसे यांनी उभी हयात बार्शी डेपोत एस्टीची गाडी चालविण्यात घालविली. विनाअपघात सेवेबद्दल त्यांना मिळालेला बिल्ला आईने कपाटाच्या काचेमागे ठेवला होता, आणि पाहुणा आला की ती काच पुसत असे. निवृत्त झाल्यावर अण्णांनी एक पांढरी व्हॅन घेतली. गावात कोणासही जुनी गाडी घ्यावयाची झाल्यास तो प्रथम अण्णांकडे येई. अण्णा बॉनेटवर तळहात ठेवीत, मान कलती करून क्षणभर ऐकत, आणि "घ्या" किंवा "सोडा" एवढेच म्हणत. त्यावर पुन्हा कोणी चर्चा करीत नसे. आठवीनंतर माझी शाळा सुटली व मी शिलाईचे दुकान घातले. तथापि गावात माझी ओळख शिंपी म्हणून नव्हती. मी अण्णा ड्रायव्हरचा मुलगा होतो.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी परतीच्या पावसाने आमच्या गल्लीमागचा ओढा गल्लीत आला. व्हॅन सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरले तेव्हा आळीतील चार तरुण, ढकलून सुरू करून पाहू म्हणून आले. अण्णांनी बॉनेट उघडले, ऑइलची पट्टी बाहेर काढली आणि तिला लागलेले ऑइल सर्वांना दाखविले. ते दुधाच्या चहासारखे झाले होते.

"आत पाणी गेलंय. कंपनीचा माणूस बघून जाईस्तोवर हिला कुणी चालू करायची नाही," असे त्यांनी त्यांना बजावले. किल्ली नेऊन देवघरात, खंडोबाच्या टाकामागे ठेवली. तेथे परक्याचा हात जाणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. हे बोलणे झाले त्या वेळी मी दुकानातील भिजलेले कापड माळवदावर वाळत घालीत होतो, आणि आई मागच्या दारी भांड्यांतला चिखल काढीत होती. आम्हा दोघांनाही ते मागाहून, नवमीला गाडी बंद पडल्यावर कळले.

पुढे आईने गाडीचाही चिखल काढला. त्यास अण्णांची हरकत नव्हती. खाली वाकून, लोट्याने पाणी ओतून, चिंधीने एकेक सांदीकोपरा पुसून तिने ती व्हॅन आतून अशी केली, की जणू तीत उद्या लग्नाला जावयाचे आहे. सर्व्हेअर येण्यास मात्र विलंब लागला, कारण बुडालेल्या गाड्या पुष्कळ होत्या. मध्येच खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारे व यंत्रे पुजतात. माझी कात्री, शिलाई यंत्र, आईची विळी, पाटावरवंटा, सर्वांना हळदीकुंकू लागते. व्हॅनची पूजा सर्वांत शेवटी. ती झाली की चाकाखाली लिंबू ठेवावयाचे आणि गाडी सुरू करून त्यावरून पुढे घ्यावयाची. आमच्या घरात याला आणखी एक जोड होती. त्या दिवशी पहिली किल्ली आईच्या हाताने फिरत असे. गाडी आली त्या वर्षी अण्णांनीच हा नियम घातला. आई स्टिअरिंगपुढे बसे, अण्णा शेजारी बसून गिअर न्यूट्रल आहे ना ते पाहत, आणि आई किल्ली फिरवी. गाडी सुरू झाली, की ती उतरून पदर सावरी आणि अण्णा तिच्या जागेवर बसत. संबंध वर्षात तेवढा एकच क्षण ती त्या जागेवर असे.

त्या नवमीस अण्णा पहिल्या गाडीने बार्शीस गेले होते. डेपोतील बसगाड्यांच्या पूजेला जुन्या चालकांना बोलावीत, नारळ फोडण्यासाठी. दुपारपर्यंत येतो म्हणाले होते, पण दुपार कलली तरी आले नाहीत.

आई देवघरातून किल्ली घेऊन आली. "बघ, पूजेसाठी काढून देवापाशी ठेवलीय त्यांनी. आठवण आहे हो माणसाला."

"अण्णांना येऊ दे की," मी म्हणालो.

"नैवेद्याची वेळ टळून चाललीय. आणि पूजा करून गाडी मुकी ठेवू नये. लिंबू ठेव तू."

मी लिंबू ठेवले. तिने बॉनेटवर स्वस्तिक काढले, झेंडूची माळ घातली, गिअरचा दांडा हलवून पाहिला आणि पाय दुमडून स्टिअरिंगपुढे बसली. किल्ली फिरविली. गाडी घरघरली. घर्र, घर्र, घर्र, असा आवाज झाला, आणि मग आत खाडकन काही तरी आपटले. त्यानंतर गाडी निःशब्द झाली.

अण्णा आले तेव्हा आई पायरीवर बसून होती. तिने सर्व सांगितले. अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चाकाखालच्या लिंबाकडे पाहिले. ते अखंड होते.

"तुझ्या हातानं काही झालं नाही," ते म्हणाले. "पहाटे जाताना मीच सेल्फ मारून बघितला होता. तेव्हाच गेली ती. सांगायचं राहिलं."

"अगंबाई," आई म्हणाली. "मग मी मेलेल्या गाडीची पूजा केली म्हणायची."

"केलीस ते बरं केलंस. ऊठ, वाढ मला."

आईने पान वाढले. तिच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले मी पाहिले, आणि त्याच वेळी माझ्या मनात अण्णांविषयी राग भरला. आळीतील तरुणांना बजावणारा माणूस स्वतःच सेल्फ मारतो, हे मला पटेना. मी त्यांना मागाहून विचारले.

"राहवलं नाही," ते म्हणाले. याखेरीज त्यांनी कधीही स्पष्टीकरण दिले नाही.

कुलथे येऊन गेल्यावर काही दिवसांनी कंपनीचे पत्र आले. मी ते मोठ्याने वाचले. इंजिनची हानी पुराने झालेली नसून मालकाने पाणी शिरलेले वाहन निष्काळजीपणे सुरू केल्याने झालेली आहे, सबब दावा नामंजूर. 'निष्काळजीपणा' या शब्दावर मी थांबलो. बिल्ला समोरच्या कपाटात होता.

"वाच पुढं," अण्णा म्हणाले. "बरोबरच लिहिलंय त्यांनी."

गावाला ही बातमी कळण्यास पत्राची गरज नव्हती. अण्णांचा सकाळचा चहा गेनू कापसेच्या टपरीवर होई. गेनूची म्हैस ओढ्याच्या डबक्यात बसून होती. तो चहा गाळता गाळता म्हणाला, "अण्णा, आमच्या म्हशीला जरा सेल्फ मारून बघता का? पाण्यातनं उठंना झालीय."

सगळी टपरी हसली. अण्णांनी चहा संपविला, पेला विसळून ठेवला आणि ते घरी आले. पुढे त्यांनी चहा घरीच घेण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास शेजारच्या पोपट घोळवेने जुनी जीप घ्यावयाचे ठरविले. ती पाहावयास तो आमच्या दारावरून गेला. अण्णा ओट्यावरच होते. त्यांनी पायांत वहाणा सरकविल्या होत्या. पोपटने रामराम घातला आणि तो पुढे गेला. थोड्या वेळाने अण्णांनी वहाणा काढून पुन्हा भिंतीला लावून ठेवल्या.

मृत व्हॅन दारात उभी होती. नवे इंजिन टाकण्याची आमची ऐपत नव्हती. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मी देण्याच्या मताचा होतो, पण आई म्हणाली, "घणानं फोडतील रे तिला. मी घरात नसताना न्यायला सांग मग."

 एके दिवशी अण्णा मला घेऊन बार्शी रस्त्यावरील एका संस्थेत गेले. तेथे निराधार मुलामुलींचे वसतिगृह होते व त्यांना मोटार दुरुस्तीचे काम शिकवीत. शिकविणारे नदाफ सर पूर्वी डेपोत मेकॅनिक होते आणि अण्णांना मानीत.

"गाडी देतो तुम्हाला. दान म्हणून," अण्णा म्हणाले. "पण चालत नाही ती."

"मग तर फारच उत्तम," नदाफ सर म्हणाले. "चांगल्या गाडीत काय शिकवू मी पोरांना? हॉर्न वाजवायला? काय झालंय तिला?"

"पाण्यात गेली होती. नंतर सेल्फ मारला."

"कोणत्या गाढवानं?"

"मी."

नदाफ सर हसू लागले. अण्णा हसत नाहीत, हे पाहून ते थांबले आणि हातातील पाना उगाच पुसू लागले.

"इंजिन उघडाच," अण्णा म्हणाले. "पोरांना दाखवा. असं करू नये म्हणून सांगा. तेवढा तरी उपयोग होऊ दे."

नावाबदलाचे सोपस्कार झाले. ज्या दिवशी संस्थेचा ट्रॅक्टर ती व्हॅन ओढून नेण्यास आला, त्या दिवशी आईने तिला हळदीकुंकू लावले व नांदावयास निघालेल्या मुलीला द्यावा तसा दहीभात स्टिअरिंगपुढे ठेवला. किल्लीला लाल दोरा बांधून ती तिने स्वतः नदाफ सरांच्या हातावर ठेवली. अण्णा त्या वेळी दोर ताणून पाहत होते.

वर्ष गेले. पुढील खंडेनवमीस संस्थेने अण्णांना नारळ फोडण्यास बोलाविले. डेपोचे निमंत्रण त्या वर्षी आले नव्हते. आई निघण्याची तयारी करू लागली, तेव्हा अण्णांनी तिला अडविले.

"तुझं काय काम तिथं? ग्रीसनं लुगडं भरेल."

"मग धुईन."

"ऊन आहे."

"तुम्हाला नाही का ऊन?"

"महादेव आहे संगं. दोघं जाऊन येतो."

"गाडी का एकट्या तुमची होती?" आई म्हणाली, आणि तिने पिशवीत नारळ घातला. अण्णा अखेरपर्यंत तिला घरी ठेवण्याच्या प्रयत्नात होते. त्यामागचा हेतू मला तेव्हा कळला नाही.

कार्यशाळेत मुलेमुली रांगेने उभी होती. आमच्या व्हॅनचे इंजिन लोखंडी घोडीवर उघडून ठेवले होते. पाटावर लाल कापड अंथरून त्यावर दोन लोखंडी दांडे मांडलेले होते. एक सरळ, एक मधून वाकलेला. दोहोंना कुंकू लावलेले होते. अण्णांनी नारळ फोडला. नदाफ सरांनी वाकलेला दांडा उचलला.

"हा कनेक्टिंग रॉड. यापुढं दरवर्षी पहिला धडा याचा. पिस्टनच्या वर पाणी साचलं, की पिस्टनला वर जायला जागा नाही. पाणी काही दबत नाही. मग कोण वाकणार? हा."

पुढच्या रांगेतील एका मुलीने विचारले, "सर, ही गाडी ड्रायव्हर माणसाची होती ना? त्यांना माहीत नव्हतं?"

नदाफ सर अडखळले. त्यांनी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी मान हलवून सांगा म्हणून खूण केली.

"माहीत होतं. पण माणूस आहे, चुकतो. अण्णांसारखा ड्रायव्हर चुकतो, तर तुम्ही किती सांभाळून राहिलं पाहिजे, बघा."

अण्णा खाली पाहत होते. आई मात्र त्या दांड्याकडे पाहत होती.

"सर," ती म्हणाली, "हा वाकल्यावर मग काय होतं?"

"मग काय, इंजिन जाम. किल्ली फिरवत बसा."

"पुन्हा घरघरत नाही?"

"नाही, आई."

"दोनचार वेळासुद्धा?"

"केसभर फिरणार नाही. आतच अडकलं ना ते."

"चला," अण्णा मध्येच म्हणाले. "आपल्या गाडीची वेळ झाली."

आई हलली नाही. "सर, मी दुपारी किल्ली फिरवली तेव्हा घरघरली होती गाडी. चांगली घरघरली, अन् मग खाड झालं. यांनी म्हणे पहाटेच फिरवली होती." ती माझ्याकडे वळली. "महादेव, तू होतास ना तिथं? लिंबू ठेवत होतास. घरघरली का नाही?"

अण्णा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत हुकूम नव्हता. त्या नजरेत विनवणी होती, वडिलांनी मला केलेली पहिली व शेवटची विनवणी.

"घरघरली होती," मी म्हणालो.

 नदाफ सरांनी दांडा हलकेच कापडावर ठेवला.

"म्हणजे चांगली होती तोवर," आई म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. "सर, मग पोरांना नीट सांगा. एस्टीचा ड्रायव्हर चुकला असं यापुढं सांगू नका. यांनी किल्ली देवघरात ठेवली, अन् देवघरातलं सगळं माझ्या हातचं असतं. किल्ली मी फिरवली."

"तू गप की आता," अण्णा म्हणाले.

"वर्षभर गप्पच होते. मला ठाऊक नव्हतं म्हणून."

परतीच्या एस्टीत दोघे एका बाकावर बसली व मी मागे. चालकाने अण्णांना ओळखून हात वर केला. 

"कशाला आलीस तिथं?" अण्णा म्हणाले.

"खोटं कशाला बोललात?"

"काय बोलायला पाहिजे होतं मग?"

"खरं. त्या सर्व्हेअरपुढं, गावापुढं. गेन्या कापसे म्हशीवरनं बोलला तुम्हाला. मी घरात बसून ऐकलं, अन् मनात म्हटलं, बोलंना का, चुकलेत तर."

अण्णा खिडकीबाहेर ज्वारीच्या पेरणीकडे पाहत राहिले. "लोट्यालोट्यानं चिखल काढलास तू तिच्यातला. कंबर धरून बसत होतीस. वर आणि तूच मोडली म्हणून सांगू?" थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "दर नवमीला किल्ली तुझ्या हातात कोण देत होतं? मीच ना? मग झालं."

आईने पिशवीतून खोबऱ्याचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेनूच्या टपरीवर गेली. ती आयुष्यात त्या टपरीवर कधी उभी राहिली नव्हती. पोपट घोळवेसह चारपाच जण बसलेले होते. मी दुकानाचे फळकूट काढीत होतो, तेथून मला ऐकू आले.

"गेन्या, म्हस उठली का रे तुझी?"

"आँ? कवाच उठली, काकू."

"पुन्हा बसली, तर मला बोलव. गाडीला सेल्फ मी मारला होता, यांनी नव्हे. म्हशीलाही मीच मारीन."

टपरी हसली नाही. गेनूने चहा ओतून पेला पुढे केला. आई म्हणाली, "मला नको. त्यांना दे, येतीलच," आणि ती परत आली. अण्णा अर्थातच लगेच गेले नाहीत. त्यास दोन दिवस लागले.

आई टपरीवर जाऊन आली त्याच दिवशी दुपारी त्यांनी ओट्यावरच्या भिंतीत, दाराशेजारी एक खिळा ठोकला. घरात त्या वेळी ना गाडी होती, ना किल्ली. मी विचारले, "काय अडकवायचंय?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "असू दे खिळा. किल्लीची जागा इथं."

अण्णांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. खिळा आहे. त्यावर कधी काही अडकविले गेले नाही. खंडेनवमीला माझी कात्री, यंत्र, विळी, सर्वांची पूजा आटोपली, की आई काठी टेकीत ओट्यावर येते आणि त्या खिळ्याला कुंकू लावते.